चलन गाडीच्या नावावर, वेग मात्र माणसाचा

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी या भागात गाडी बाळगणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. महाराष्ट्रात किंवा गोव्यात अतिवेगाचं चलन बसलं, तर आपल्या लायसनवर त्याचा डाग राहतो का? आणि पुढच्या वर्षी इन्शुरन्सचा हप्ता वाढतो का? एजंट सांगतो, 'काही होत नाही, दंड भरून टाका.' आजच्या घडीला त्याचं म्हणणं बहुतांशी खरं आहे. ते खरं आहे हीच माझ्या मते अडचण आहे. दुसऱ्या राज्यात बेफाम गाडी हाणणाऱ्याची नोंद त्याच्या नावावर झालीच पाहिजे आणि पुढे विम्याच्या हप्त्यातही ती दिसली पाहिजे. पण आज चलन ज्या रीतीने निघतं, पोहोचतं आणि वसूल होतं, त्याच रीतीवर विम्याचा बोजा चढवला, तर पहिला मार सीमाभागातल्या सरळ माणसाला बसेल आणि बेफाम चालवणारा मोकळा राहील. म्हणून आधी नोंद कोणाच्या नावावर करायची ते ठरवा आणि हप्त्याचं त्यानंतर बघा.

आमच्याकडे दुसरं राज्य म्हणजे सहलीला जायचं ठिकाण नसतं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कागल सोडलं की कोगनोळीचा टोल नाका येतो आणि कर्नाटक सुरू होतं. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शिनोळी येते, ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. शिनोळीच्या कारखान्यांत कामाला जाणारा बेळगावचा कामगार रोज सकाळी राज्य ओलांडतो आणि संध्याकाळी परत येतो. चोर्ल्याच्या घाटातून पलीकडे उतरलं की गोवा. गोव्याला लागणाऱ्या भाजीचा मोठा भाग बेळगावातून जातो. ती नेणारे टेम्पो मध्यरात्रीनंतर निघतात आणि उजाडायच्या आत बाजार गाठतात. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना फिरतात. लग्न, दवाखाना, कॉलेज, कोर्ट, सगळ्यासाठी कोल्हापूर-बेळगाव ये-जा सुरूच असते. एकाच घरात एक गाडी केए २२ पासिंगची आणि दुसरी एमएच ०९ पासिंगची असणं इथे नवलाचं नाही. पुण्यातल्या नोकरदाराला परराज्यातलं चलन वर्षातून एखाद्या वेळी भेटेल. आमच्या टेम्पोवाल्याला ते आठवड्याच्या धंद्यात भेटतं.

वेगाची बाजू आधी सांगून टाकतो, कारण चलनाविरुद्ध बोलणारे बरेच जण ती गाळतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग होता. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. समोर म्हैस किंवा सायकलवरचं पोर दिसल्यावर ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी गाडी चाळीसेक मीटर पुढे गेलेली असते आणि थांबायला सुरुवात त्यानंतर होते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. तवंदीचा घाट आणि वंटमुरीचा घाट रोज पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. महामार्ग काकतीसारख्या गावांना चिकटून जातो, रस्त्याच्या एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला शेत अशी माणसं तिथे राहतात. त्यांच्या जिवाच्या दृष्टीने केए पासिंग आणि एमएच पासिंग यांत काही फरक नाही. त्यामुळे 'सीमाभागातल्या लोकांना चलनातून सूट द्या' अशी मागणी कोणी करत असेल, तर मी त्याच्या बाजूचा नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३ प्रमाणे कुठल्याही राज्यात काढलेलं लायसन देशभर चालतं. अतिवेगासाठी कलम १८३ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर लायसन जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवावं असंही त्याच कलमात म्हटलं आहे. पुढे सुनावणी देऊन ते तीन महिने निलंबित करता येतं किंवा रद्दही करता येतं. त्याच दुरुस्तीने लायसनांची राष्ट्रीय नोंदवही असावी असं कलम २५-अ आणलं. याउपर कर्नाटक पोलिसांनी ऑगस्ट २०२४ पासून ताशी १३० किलोमीटरच्या वर गाडी चालवणाऱ्यावर थेट गुन्हा नोंदवायचं धोरण जाहीर केलं. कोल्हापूरहून निघालेल्या माणसासाठी कोगनोळीनंतर परिणाम बदलतात, ते असे.

म्हणजे कागदावर अतिवेगाची नोंद चालकाच्या लायसनपर्यंत पोहोचण्याची सोय आहे. रस्त्यावर पोलिसाने गाडी अडवली, लायसन हातात घेतलं, नंबर टिपला, तर ती साखळी जुळते. पण आज अतिवेगाची बरीचशी चलनं कॅमेऱ्यावरून निघतात. कॅमेऱ्याला दिसते ती नंबर प्लेट. प्लेटवरून 'वाहन' प्रणालीत मालकाचं नाव आणि मोबाइल सापडतो, त्या मोबाइलवर संदेश जातो, मालक किंवा मालकाचा मुलगा पैसे भरतो आणि प्रकरण संपतं. स्टिअरिंगवर कोण होतं हे कोणीच विचारत नाही. लायसनांची माहिती ज्या 'सारथी' प्रणालीत असते, तिथे यातलं काही उतरत नाही. दुसऱ्यांदा गुन्हा केला की लायसन जप्त, हे कलम या चलनांच्या बाबतीत लागू होणार कसं? पहिल्यांदा कोणी केला याचीच नोंद नाही.

सीमाभागात याचे दोन्ही टोकांचे परिणाम दिसतात. निपाणीच्या एखाद्या व्यापाऱ्याचे तीन टेम्पो आहेत आणि पाच ड्रायव्हर आलटून पालटून चालवतात असं समजा. त्यातला एक जण पुण्याच्या वाटेवर दर फेरीला कॅमेऱ्यात सापडतो. चलनं व्यापाऱ्याच्या नावावर जमतात, तो ती पगारातून कापतो, कधी ज्याची त्याच्याकडून, कधी सगळ्यांकडून सारखी. तो ड्रायव्हर उद्या दुसऱ्या मालकाकडे गेला, तर त्याचं लायसन आरशासारखं स्वच्छ. नव्या मालकाला काही कळायचा मार्ग नाही. दुसरीकडे, आयुष्यात कधी ऐंशीच्या वर न गेलेल्या माणसाने गाडी पाहुण्याला लग्नासाठी दिली, की चलन त्याच्या दारात. थकलेलं चलन प्रणालीत दिसलं की मालकी बदलणं, दुसऱ्या राज्यात न्यायला ना-हरकत दाखला मिळवणं अशी कामं अडतात, तीही त्याचीच.

आता विम्याकडे येतो. आपल्याकडे मोटार विम्याचे दोन मुख्य भाग. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, कायद्याने सक्तीचा, त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनचे खासगी कारचे दर पाहा: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्याच्या वर ७,८९७ रुपये. इंजिन केवढं यावर दर ठरतो. चालवणारा कसा आहे याला त्यात जागा नाही. पंधरा वर्षांत एकही चलन न बसलेली शिक्षिका आणि महिन्याला दोन चलनं बसणारा तरुण, कार एकाच ताकदीची असेल तर दोघांचा हप्ता पैशापर्यंत सारखा. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्यात नो क्लेम बोनस असतो. वर्षभर क्लेम घेतला नाही तर वीस टक्के सवलत, पुढे वाढत पाच वर्षांनी पन्नास टक्के. हा बोनस मात्र गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि गाडी विकून नवी घेतली तरी त्याच्याबरोबर येतो. तरीही तो ठरतो क्लेमवर. अतिवेगाची वीस चलनं असली आणि क्लेम एकही नसला, तरी पन्नास टक्के सवलत कायम. म्हणून एजंट म्हणतो, काही होत नाही.

अपघात झाला की मात्र बरंच काही होतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्याच एका प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. २०१४ साली अरसीकेरेकडे जाताना एका माणसाची कार उलटली आणि तो मरण पावला. अपघात त्याच्याच बेदरकार आणि भरधाव चालवण्याने झाला असं ठरल्यामुळे त्याच्या बायकामुलांची भरपाईची मागणी फेटाळली गेली. म्हणजे विम्याच्या दुनियेत वेगाची किंमत आजही मोजावी लागते, फक्त ती एकदम, शेवटी आणि मागे उरलेल्यांना मोजावी लागते. हीच किंमत थोडी थोडी करून आधीच, हप्त्यातून, चालवणाऱ्याच्या लक्षात आली असती तर? मी चलन आणि विमा जोडण्याच्या बाजूचा आहे तो या एका कारणासाठी.

ही जोडणी कागदावर होऊनही गेली आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये एक कार्यगट नेमला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. मोटार विम्यात आणखी एक भाग घालायचा, वाहतूक नियमभंगाचा हप्ता. प्रत्येक गुन्ह्याला गुण: दारू पिऊन चालवल्यास १००, चुकीच्या पार्किंगला १०, बाकीचे मधे. गुण वाढतील तसा हप्ता वाढेल. आधी दिल्लीत करून पाहायचं आणि मग देशभर न्यायचं, असा विचार होता. तो अमलात आला नाही, पण कल्पना मेलेली नाही. चलनाची थकबाकी वाढली की ती पुन्हा पुन्हा बोलली जाते आणि एक दिवस ती येणारच.

त्या मसुद्यातली एक गोष्ट मला खटकली आणि अजून खटकते. हप्ता नोंदणीकृत मालकाने भरायचा, गाडी कोणीही चालवली असली तरी. म्हणजे कॅमेरा जे बघू शकत नाही, ते विमाही बघणार नाही. निपाणीचा तो व्यापारी तिन्ही टेम्पोंचा वाढीव हप्ता भरेल, तो भाड्यात आणि पगारात वाटून टाकेल, आणि बेफाम चालवणारा ड्रायव्हर आहे तसाच राहील. मालकाची जबाबदारी शून्य आहे असं मी म्हणत नाही. पहाटे पाचच्या आत माल म्हापशाला पोहोचलाच पाहिजे असं सांगून रात्री दोनला टेम्पो भरून देणारा मालक त्या वेगाचा भागीदार असतो. त्याच्यावर वेगळी नोंद जरूर ठेवा. पण चालवणाऱ्याची नोंद मालकाच्या नोंदीखाली गाडून टाकू नका.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला हे पाहण्यासारखं आहे, कारण त्यांच्याकडे सीमा देशादेशांतल्या आहेत आणि आपल्याकडे एकाच देशातल्या. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताचा बाकीच्या कॅनडाशी आणि अमेरिकेतल्या न्यूयॉर्क व मिशिगन या राज्यांशी करार आहे. टोरोंटोत राहणारा बेळगावचा मुलगा नायगारा ओलांडून न्यूयॉर्क राज्यात गेला, तिथे वेगाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर तो गुन्हा, त्याचे दंडाचे गुण धरून, प्रांतातच केल्यासारखा त्याच्या ऑन्टारियोच्या रेकॉर्डवर चढतो. तिथल्या विमा कंपन्या हप्ता ठरवताना हे रेकॉर्ड बघतात आणि साधारण तीन वर्षं तो गुन्हा हप्त्यात दिसत राहतो. तोच मुलगा ज्या अमेरिकी राज्याशी असा करार नाही तिथे सापडला, तर ते गुण आपोआप येत नाहीत. अमेरिकेत बहुतेक राज्यांचा आपसात करार आहे, त्यामागचं तत्त्व असं: एक चालक, एक लायसन, एक रेकॉर्ड. युरोपने वेगळी वाट धरली. तिथे गाडीच्या मालकाची माहिती दुसऱ्या देशाला मिळते आणि दंड सीमेपलीकडे जातो, पण गुण सहसा जात नाहीत. फ्रान्समध्ये केलेल्या अतिवेगाचे गुण जर्मन चालकाच्या खात्यावर चढत नाहीत.

यातल्या दोन गोष्टी मला सीमाभागासाठी फार मोलाच्या वाटतात. न्यूयॉर्क शहरात शाळांजवळच्या वेगमापक कॅमेऱ्याचा दंड गाडीच्या मालकाला जातो, पन्नास डॉलर. पण चालवणारा कोण हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून त्या दंडाचे गुण कुणाच्याच लायसनवर चढत नाहीत आणि विम्यासाठीही तो धरला जात नाही. ज्याची ओळख पटली त्याचीच नोंद, हे सूत्र तिथे पाळलं जातं. ब्रिटनमध्ये उलट्या बाजूने हेच साधलं आहे. कॅमेऱ्यात सापडलेल्या गाडीच्या नोंदणीकृत धारकाला चौदा दिवसांत नोटीस पोहोचली पाहिजे, नाहीतर त्या गुन्ह्याचा खटला टिकणं कठीण. नोटीस मिळाल्यावर अठ्ठावीस दिवसांत त्याने गाडी कोण चालवत होतं ते कळवायचं. कळवलं नाही तर तो वेगळा गुन्हा आणि त्याचे सहा गुण त्याच्याच लायसनवर. दोन्हीकडे कॅमेरा आणि माणूस यांच्यामध्ये कुणीतरी एक प्रश्न ठेवला आहे: चालवत कोण होतं?

आपल्या कायद्यात हा प्रश्न विचारायची तरतूद आहे. कलम १३३ प्रमाणे मागितल्यावर चालकाचं नाव आणि लायसनचा तपशील देणं मालकावर बंधनकारक आहे. कॅमेऱ्याच्या चलनाला ते सरसकट जोडलेलं नाही, एवढंच. दंड भरण्याच्या पानावर लायसन नंबराचा एक रकाना आणि 'गाडी मी चालवत नव्हतो, अमुक चालवत होता' असं कळवायची सोय, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. ज्याचं नाव दिलं त्याला संदेश जाईल, तो मान्य करील किंवा नाकारील. खोटं नाव देणारे निघतील. ते प्रत्येक देशात निघतात आणि त्यासाठी शिक्षा असते.

नोटीस वेळेवर पोहोचण्याचा मुद्दा सीमाभागात अधिक नडतो. केंद्रीय नियमांत २०२१ मध्ये जोडलेल्या नियम १६७-अ ने काही चांगल्या गोष्टी घालून दिल्या: जिथे कॅमेरा आहे तिथे ठळक सूचनाफलक हवा, यंत्र प्रमाणित हवं आणि ते प्रमाणपत्र दर वर्षी नवं करायला हवं, चलनासोबत फोटो, मोजलेला वेग, ठिकाण आणि वेळ हवी, आणि गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत नोटीस जायला हवी. पण पंधरा दिवसांत ती गेली नाही तर काय? ब्रिटनसारखा परिणाम आपल्या नियमात नाही. जुन्या गाडीच्या नोंदीत मोबाइल नंबर विकणाऱ्याचा, एजंटचा किंवा शोरूमवाल्याचा असतो. कोल्हापुरात घेतलेली सेकंडहँड गाडी बेळगावात आली, कागद अर्धवट राहिले, तर चलनाचे संदेश भलत्याच माणसाच्या फोनवर पडत राहतात. मालकाला ते कळतं गाडी विकायला काढल्यावर. अशा चलनावर हप्ता वाढवायचा म्हणजे ज्याला आरोपच कळला नाही त्याला दर वर्षी शिक्षा द्यायची. माझं म्हणणं सोपं आहे: पंधरा दिवसांत नोटीस पोहोचल्याचा पुरावा नसेल, तर दंड हवा तर घ्या, पण ते चलन चालकाच्या नोंदीत आणि विम्यात धरू नका.

आणि नोटीस कळली पाहिजे. कर्नाटकाचं चलन कन्नड आणि इंग्रजीत, महाराष्ट्राचं मराठी आणि इंग्रजीत. खानापूर तालुक्यातल्या, मराठी शाळेत शिकलेल्या ट्रॅक्टरवाल्याला त्यातलं कलम, मुदत, हरकत कुठे घ्यायची हे वाचता येत नाही. पलीकडे जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याची महाराष्ट्राच्या चलनापुढे हीच स्थिती असते, आणि त्याच्यासाठीही मी हेच मागतो. युरोपीय संघाचा २०१५ चा निर्देश परदेशी गाडीच्या मालकाला पाठवायचं पत्र गाडीच्या नोंदणीपत्राच्या भाषेत किंवा गाडी नोंदलेल्या देशाच्या राजभाषेत पाठवायला सांगतो. फ्रेंच पोलीस जर्मन माणसाला जर्मनमध्ये लिहितात. आपल्याकडे राज्यघटनेचं कलम ३५० नागरिकाला केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क देतं, आणि भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती मोठी असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही असाव्यात ही केंद्राची भूमिका १९५६ पासूनची आहे. संगणकावर निघणाऱ्या, ठरावीक मजकुराच्या चलनाला आणखी एक भाषा जोडायला किती कष्ट पडणार आहेत? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो कधी सुटायचा तेव्हा सुटेल. चलन मराठीत येण्यासाठी त्याची वाट पाहायचं कारण नाही.

हरकत घेण्याचंही तसंच. ई-चलनांसाठी आता व्हर्च्युअल कोर्ट आहेत, तिथे घरबसल्या दंड भरता येतो. पण 'मला मान्य नाही' म्हटलं की प्रकरण शेवटी त्या हद्दीतल्या न्यायालयाकडे जाऊ शकतं. द्रुतगती मार्गावर चलन बसलेल्या बेळगावच्या माणसाने एक-दोन हजारांच्या दंडासाठी चारशे किलोमीटर जाऊन तारखेला उभं राहायचं? कोणी जात नाही, सगळे भरतात. आज त्याचं नुकसान तेवढ्याच रकमेचं होतं. उद्या तेच चलन विम्याला जोडलं, की न लढता भरलेला दंड म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरेल आणि पुढची काही वर्षं हप्त्यात फिरेल. म्हणून सुनावणी व्हिडिओवरून, राहत्या तालुक्याच्या न्यायालयातून देता यायला हवी. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी ठरवलं तर निदान आपसातल्या चलनांपुरतं हे सुरू करता येईल.

सवलतींबद्दल दोन शब्द. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये थकलेली चलनं अर्ध्या दंडात मिटवून दिली. महाराष्ट्रात लोकअदालतीत तडजोड होते. तिजोरीत पैसे आले, पण वेळेवर पूर्ण दंड भरणारा त्यात फसला आणि थांबणाऱ्याचा फायदा झाला. चालकाची नोंद ठेवायची झाल्यास हा प्रकार तिथे चालणार नाही. पैसे अर्धे घ्या, नोंद अर्धी करता येत नाही.

या सगळ्यावर एक हरकत मी पुष्कळदा ऐकतो, आणि ती मनापासून घेतलेली असते: 'सीमाभागात आधीच नंबर प्लेट बघून माणसाला वागवलं जातं, त्यात आणखी एक हत्यार कशाला देता?' ही भीती पोकळ नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोल नाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, मग पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. दोन्ही वेळा आत बसलेल्या माणसाचा कशाशी संबंध नव्हता, त्याची प्लेट तेवढी दिसली. मी यातून उलटा निष्कर्ष काढतो. प्लेटवर भार टाकणारी प्रत्येक पद्धत इथे घातक ठरते, मग तो भार रागाचा असो, दंडाचा असो की हप्त्याचा. नोंद लायसनवर गेली की गाडी कुठल्या राज्याची हे महत्त्वाचं राहत नाही. कोल्हापूरच्या माणसाने बेळगावची गाडी चालवली किंवा बेळगावच्या माणसाने कोल्हापूरची, हिशेब त्याचा त्याच्याकडे.

दुसरी भीती गरीब ड्रायव्हरची. एकदा रेकॉर्ड खराब झालं की नोकरी गेली, असं तो म्हणतो. त्याला उत्तर १९८८ च्या कायद्यातच आहे आणि ते फारसं कोणाला माहीत नाही. लायसनवर शेरा मारला गेला, तर पुढची सलग तीन वर्षं नवा शेरा न आल्यास कोरं लायसन मिळण्याचा हक्क कलम २५ देतं. शेरा फक्त वेगमर्यादा ओलांडल्याचा असेल, तर ही मुदत एकच वर्ष आहे. १९८८ साली कायदा करणाऱ्यांनी इतका विचार केला होता की वेगाच्या चुकीची आठवण ठेवायची, पण आयुष्यभर नाही. विम्याच्या गुणांनाही हीच मुदत लावा. वर्षभर नीट चालवलं की हप्ता पूर्ववत, आणि त्यापुढे नो क्लेम बोनससारखी चलनमुक्त वर्षांचीही सवलत. २०२२ पासून गाडी कशी चालवता यावर हप्ता ठरवणाऱ्या जोड-योजनांना नियामकाने परवानगी दिलेलीच आहे. चांगल्या ड्रायव्हरला आज त्याच्या चांगुलपणाचा कागद मिळत नाही. वीस वर्षं चोर्ला घाट विनाअपघात, विनाचलन उतरणाऱ्या माणसाकडे मालकाला दाखवायला काय असतं? काहीच नाही. त्याचं लायसन आणि त्या बेफाम पोराचं लायसन आज सारखंच दिसतं. तो लायसन नंबराचा रकाना चलनाच्या पानावर आला, तर पगार वाढवून मागताना पुढे करायला त्याच्या हातात प्रथमच काहीतरी येईल.